मोजताना एक जास्त भरायची

या सदरातले अनुभव मी आजवर वाचायची ते करमणूक म्हणून. खरं सांगते, राग मानू नका. आमच्या बीड जिल्ह्यात भानामतीच्या गोष्टींना काही तोटा नाही. कुणाच्या अंगावर बिब्याच्या फुल्या उठतात, कुणाच्या पेटीतले कपडे आपोआप पेटतात... माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव बाहेर काढले आणि त्यांच्याबरोबर भुतंही. ते म्हणायचे, देव गेल्यावर भुताला घरात विचारतंय कोण? अशा घरात मी नांदले. अंगारा लावला नाही, दोरा बांधला नाही, लेकरांची दृष्टसुद्धा काढली नाही. म्हणून पुढचं लिहिताना माझं मलाच अवघड होतंय. पण मी पंचाहत्तरीच्या पुढं गेले, आणि यातली बाकीची माणसं आता राहिली नाहीत. माझ्याबरोबर हे मातीत जाऊ नये, एवढंच.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. केज तालुक्यात, युसूफ वडगावापासून अडीच कोसावर आमचं गाव. नाव लिहीत नाही, तिथं अजून या गोष्टीतल्या माणसांची नातवंडं आहेत. गावात सहकारी सोसायटी होती — खत, बियाणं, पीककर्ज बघणारी. दुष्काळ पडला, खत घ्यायला कुणी येईना. मग गोदामाचा एक खण रिकामा करून सोसायटीनं तिथं दवाखाना काढला. डॉक्टर आठवड्यातून एकदा केजहून यायचे. रोजचं सगळं सिस्टर बघायच्या. त्या नगरकडच्या, एकट्या राहायच्या. आणि औषधांचं स्टॉक रजिस्टर ठेवायला मला घेतलं.

मला कसं घेतलं, हाही एक किस्साच. मी चौथी शिकलेली. पण खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं बघून बघून मी माझी मीच वाचायला लागले होते. सोसायटीचे सचिव होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. त्यांनी माझ्यापुढं एक खोकं धरलं आणि म्हणाले, वाचा. मी कंपनीचं नाव, बॅच, तारीख सगळं घडाघडा वाचलं. आमच्या वस्तीतली बाई सोसायटीच्या खुर्चीवर बसणार म्हणून निम्मं गाव नाराज होतं. एकजण तर तोंडावर म्हणाला होता, आता गोळी पण हिच्या हातची गिळायची का? भाऊसाहेबांनी त्याला तिथल्या तिथं सांगितलं, नको गिळूस, मर. असा फटकळ माणूस.

भाऊसाहेबांचा एक नियम होता — आधी लिहा, मग काढा. खताच्या पोत्यांचा नियम तो. शेतकऱ्याची सही वहीत झाल्याशिवाय गोदामातून पोतं हलायचं नाही. तोच त्यांनी औषधांना लावला. आधी रजिस्टरात पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, शिल्लक किती राहिली ते लिहायचं, सही करायची, आणि मग कपाट उघडायचं. मला तो नियम फार आवडला. माझं रजिस्टर कसं स्वच्छ असायचं! खाडाखोड म्हणून नाही.

बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जायला लागलं तर ते थांबवायचं एक इंजेक्शन असतं. बारीक काचेची कुपी. ते उन्हानं खराब होतं. पाण्यासारखं स्वच्छ असलं तर चांगलं, पिवळसर झालं की बाद. फ्रीज कुठला आलाय तेव्हा — वाळू भरलेल्या घमेल्यात एक मडकं पुरून ठेवलं होतं, वाळूवर रोज पाणी शिंपायचं आणि कुप्या मडक्यात ठेवायच्या. प्यायला पाणी नव्हतं, तरी त्या वाळूला मी माझ्या घागरीतलं तांब्याभर पाणी न चुकता घालायची.

तर चैत्राचा महिना. भर दुपार. मला सातवा लागलेला. आमच्या गल्लीतल्या मथुराचा नवरा निवृत्ती धापा टाकत आला. मथुरा त्याच दिवशी खडी फोडायच्या कामावरून घरी आली आणि मोकळी झाली होती. मूल व्यवस्थित होतं, पण तिचं रक्त थांबेना. बाळंतपण करायला सोजरमाय होती. धनगरांची म्हातारी. मेंढरांची आणि बायांची, दोन्हीकडची बाळंतपणं तीच करायची. अख्ख्या गावाच्या नाळा तिनं कापलेल्या. तिनंच निवृत्तीला पिटाळलं होतं — सिस्टरला घेऊन ये, आणि ती रक्त थांबायची सुई आणायला सांग.

सिस्टर आत एका लेकराच्या पायाला पट्टी बांधत होत्या. त्यांनी आतूनच सांगितलं, मालन, एक इंजेक्शन पिशवीत टाक, मी आलेच. मी नियमाप्रमाणे रजिस्टर ओढलं. मथुराचं नाव लिहिलं, एक इंजेक्शन लिहिलं, सहातून एक गेले पाच, सही केली. आणि मडक्याकडं वळणार, तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांना हे कळायचं नाही. टँकर तीन दिवसांनी यायचा. घागर रांगेत लागली नाही तर पुढचे तीन दिवस दुसऱ्याच्या दारात. मी घागरी उचलल्या आणि निघाले. दोन मिनिटांत नंबर लावून परत यायचं, असं डोक्यात होतं. एवढ्यात पट्टी काही होत नाही... असं मी स्वतःला सांगितलं. मी परत आले तर सिस्टर पिशवी घेऊन गेलेल्या. रजिस्टर टेबलावर उघडं. मी लिहिलेली ओळ आणि सही त्यांनी बघितली असणार. आमच्याकडं लिहिलं म्हणजे काढलं, असंच होतं. मी मडक्यात हात घातला. सहा कुप्या होत्या.

एक कुपी मुठीत धरून मी पळाले. पोट धरून पळाले. निम्म्या वाटेतच बायांच्या रडण्याचा आवाज कानावर आला आणि माझे पाय थांबले.

सिस्टर परत आल्या, पिशवी टेबलावर ठेवली. म्हणाल्या, मी पोचले तेव्हा संपलं होतं, पिशवी उघडलीच नाही. मी कुपीचं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हातानं थांबवलं. म्हणाल्या, ती ओळ तशीच राहू दे. निवृत्ती विचारत होता सुई दिली का, मी दिली म्हटलंय. होतं नव्हतं ते सगळं केलं, एवढं तरी त्याला वाटू दे.

मी ओळ राहू दिली. दयेपोटी राहू दिली म्हणाले तर ते खोटं होईल. मला सुटल्यासारखं झालं होतं.

पण चार दिवसांनी डॉक्टर आले. त्यांनी रजिस्टर बघितलं आणि गोदामाच्या दारात, चार माणसांत म्हणाले — इंजेक्शन देऊनही रक्त थांबलं नाही म्हणजे दाईनं आत काहीतरी ओढाताण केली असणार. झालं. त्या दिवसापासून सोजरमायला कुणी बोलावलं नाही. ती पाण्याला आली की बाया घागरी सरकवून घ्यायच्या. मथुराच्या सासूनं भर रस्त्यात तिच्या हातांना नावं ठेवली. सोजरमाय ऐकून घ्यायची आणि जायची. मी खुर्चीवर बसून हे सगळं खिडकीतून बघायची.

आता मोजणीचं सांगते. दर महिन्याच्या शेवटी भाऊसाहेब येऊन कपाट मोजायचे. स्टॉक ठेवणाऱ्याला कमी भरण्याची भीती असते — कमी भरलं तर चोरी. पण मला तेव्हा कळलं, जास्त भरणं त्याहून वाईट. जास्त भरलं याचा अर्थ, जे कुणाच्या तरी नावावर लिहिलंय ते त्याच्या अंगात गेलंच नाही.

म्हणून मोजणीच्या आदल्या दिवशी मी ती सहावी कुपी काढली, गोदामामागं दगडावर फोडली, काचा मातीत पुरल्या. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मोजलं. मधल्या काळात दोन खर्ची पडल्या होत्या. वहीत तीन, मडक्यात चार.

मला वाटलं मीच चुकले. घाबरलेली होते, मोजायला चुकले असेन. भाऊसाहेब हसले, म्हणाले, "मालनबाई, तुमच्या संगतीनं मडकंही गाभण राहिलं वाटतं." पुढच्या वेळी नीट बघा म्हणाले. पुढच्या महिन्यात मोजणी दुपारी होती. मी सकाळी सिस्टरना शेजारी बसवलं आणि दोघींनी मोजलं. एक जास्तच होती. सिस्टर उठून गेल्या. मी ती फोडली. दुपारी भाऊसाहेबांच्या हाताला पुन्हा एक जास्त लागली. या खेपेला ते हसले नाहीत.

मग मी बाळंतपणाला केजला गेले, सरकारी दवाखान्यात. घरातले म्हणाले सोजर नको. आणि मी... मी मान डोलावली. मुलगी झाली. त्या महिन्यात भाऊसाहेबांनी आणि सिस्टरनी मोजलं, तर हिशेब तंतोतंत जुळला. मी परत येऊन बसले. त्यानंतर नवीन माल आला. जुन्या कुप्या तोवर सगळ्या संपल्या होत्या, शेवटची माझ्या हातानंच सिस्टरना दिली होती. जुन्यांवर निळी अक्षरं होती. नव्या दुसऱ्या कंपनीच्या, त्यांच्यावर लाल अक्षरं. वीस आल्या, मी वीस मांडल्या. महिना संपला, सहा खर्ची पडल्या, मी मोजायला बसले. लाल अक्षरांच्या चौदा. आणि त्यांच्यामध्ये एक निळ्या अक्षरांची.

बॅच तीच. मी रजिस्टर मागं उलटून ताडून बघितलं. वाळू कोरडीठाक होती, कारण त्या आठवड्यात टँकर आलाच नव्हता. लाल कुप्या हाताला कोमट लागत होत्या. ती एकटी गार होती, रांजणाच्या तळातून काढल्यासारखी. उजेडात धरली तर आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ. दिवसाढवळ्या, उघड्या दारात, समोर दोन पेशंट बसलेले. मला भीती नाही वाटली. मला नुसतं रडू आलं. ती कुपी पण मी फोडली. परत येऊन मडक्यात बघितलं तर चौदा लाल आणि एक निळी.

त्याच दिवशी मी मुलीला कडेवर घेतलं आणि सोजरमायच्या मेंढरांच्या वाड्यावर गेले. मेंढरं निम्मी राहिली होती. ती एका मेंढीचा पाय मांडीवर घेऊन खुरातला काटा काढत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं — टँकर, सही, मडक्यातल्या सहा कुप्या. ती काटाच काढत होती.

"तुला वाटलं मला ठावं न्हाई?" ती म्हणाली. "सिस्टर आली तवा मथुराच्या अंगात धुगधुगी हुती. तिनं पिशवी उघडली, समदी उलथी केली. सुई हुती, कुपी न्हवती. ती माज्याकडं बगाया लागली आन म्या तिच्याकडं."

 मी खाली बसले. सिस्टरनी मला वेगळं सांगितलं होतं, असं काहीतरी पुटपुटले.

"म्याच सांग म्हनले तिला. तुला तसं, आन गावाला सुई दिली म्हनून."

"कावून, माय?"

"तुला सातवा लागला हुता. आन तुला त्या खुर्चीवर गावानं कसं बसू दिलं ते म्या बघितलंय. लई जन टपून हुते, तू कवा चुकतीस म्हनून. तुज्या घरावर आले असते." तिनं मेंढीचा पाय सोडला. "म्या म्हनलं, आपलं काय, म्हातारीला चार दिस शिव्या बसतील, मंग इसरतील. न्हाई इसरले. तेवढा माजा अंदाज चुकला."

मग मी तिला जास्तीच्या कुपीचं सांगितलं. कोण ठेवतंय, का ठेवतंय, हे तिनं विचारलंच नाही. तिनं विचारलं, त्याचं केलं काय?

"फोडली. तीनदा."

"फोडलीस?" मी चुकले त्याचं सांगितलं तेव्हा नाही, पण आता तिचा चेहरा पडला. "अगं औषध हुतं ते, लेकी. कुना बाईला लागलं असतं."

 ती समजावल्यासारखं बोलली, की संध्याकाळी मेंढरं मोजताना कधी कधी एखादं जास्त भरतं. दुसऱ्याच्या कळपातलं चुकून आलेलं असतं. त्याला हाकलायचं नसतं. आपल्यात राहू द्यायचं, आपल्याबरोबर चारायचं. मग माझ्या मुलीकडं बघून म्हणाली, बाळसं धरलंय चांगलं. घेऊ का म्हणाली नाही. मीच मुलगी तिच्या मांडीवर ठेवली.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. भाऊसाहेबांना आधी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, मालनबाई, हे नका करू, मला तुम्हाला ठेवता येणार नाही. मी रजिस्टर उघडून ती ओळ वाचली आणि सांगितलं, हे इंजेक्शन मथुराला मिळालं नाही. मी काढलंच नव्हतं. सोजरमायच्या हातानं काही झालेलं नाही.  मागून एकजण म्हणाला, "आमी काय म्हनत हुतो..." आणि त्यानं वाक्य तिथंच सोडलं. निवृत्ती भिंतीला टेकून बसला होता. तो उठला, चपला हातात घेतल्या आणि निघून गेला. नंतर कळलं, तो सरळ सोजरमायच्या वाड्यावर गेला, दिवस मावळेपर्यंत तिथं बसला.  तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं.

मी लाल शाईनं ती ओळ खोडली, बाजूला सही केली, शिल्लक एकानं वाढवली. चार्ज द्यायच्या आधी भाऊसाहेबांनी शेवटचं मोजलं. वहीत पंधरा, मडक्यात पंधरा. त्यांनी निळी कुपी हातात घेतली, बराच वेळ धरून ठेवली आणि परत मडक्यात ठेवली. त्यानंतर रजिस्टर सिस्टर लिहायला लागल्या. कधी एक जास्त भरली नाही. पुढच्याच महिन्यात वडगावच्या वाटेवरून एका बाईला बैलगाडीतून आणलं, तिला ती निळी कुपी लागू पडली. बाई जगली. कोण होती, मला माहीत नाही.

पण गावानं सोजरमायला पुन्हा बोलावलं नाही. चूक कळली तरी बोललेलं माघारी घेता येत नाही, म्हणून माणसं तोंड चुकवत राहिली. दोन वर्षांनी माझं दुसरं बाळंतपण होतं. मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं, सोजरमाय आली तर इथं, नाहीतर कुठंच नाही. ती आली. उंबऱ्यावर बसली. आत ये म्हटलं, तर म्हणाली, माजा हात आता भितो गं, म्या हितून सांगते. आणि तिनं तिथूनच सगळं सांगितलं — आता कळ दे, आता थांब, आता श्वास घे — मी तसंतसं केलं, आणि हात माझ्या सासूनं लावला. मुलगा झाला. तिनं लांबूनच बघितला आणि पदरानं डोळे पुसत उठली.

सिस्टरची बदली झाली तेव्हा मी त्यांना शेवटी विचारलंच, ती कुपी तुम्ही ठेवत होतात का? त्यांनी माझ्याकडं नवलानं बघितलं. म्हणाल्या, "मला तर वाटायचं, तूच ठेवतेस. मला बोलतं करायला." भाऊसाहेब ठेवत असतील म्हणावं, मडक्याला कुलूप थोडंच असतं, पण निळ्या अक्षरांचा माल त्या वेळी केजच्या दुकानातसुद्धा उरला नव्हता, हे त्यांनी जाऊन विचारून आणलं होतं.

एवढ्या वर्षांत मी याचा सगळ्या बाजूंनी विचार केला. माझ्या मनाचा खेळ म्हणावा, तर मोजणारे हात तीन वेगवेगळ्या माणसांचे. मथुरा यायची असं म्हणावं, तर माझं मन ते मान्य करत नाही, सासरे आठवतात. मग काय होतं?  कुणाला सुचलं तर सांगा, पण मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. ती कुठून यायची ते मला ठाऊक नाही. मी तीन फोडल्या, हे मात्र ठाऊक आहे.